लिनक्सवर फाइल-अपलोड सर्व्हर उभारणे: ओपनएसएसएच, एसएफटीपी आणि अर्धवट आलेल्या फाइलचा बंदोबस्त

छापखान्यात रोज येणारा माल म्हणजे आता फाइली. दिवाळी अंकाची चारशे एमबीची पीडीएफ, लग्नपत्रिकेचे कोरेल, पाठ्यपुस्तकाची प्रकरणे. जीमेल २५ एमबीच्या पुढची जोडणी घेत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवलेला फोटो दाबून बारीक होतो, आणि फुकटच्या ट्रान्सफर साइटची लिंक नेमकी छपाईची प्लेट काढायच्या दिवशी मेलेली असते. स्कॅनिंगचे काम करणारे, व्हिडिओ एडिटिंगवाले, सर्वेक्षणाची आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्था, सगळ्यांचीच ही अडचण आहे. त्यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे स्वतःचा अपलोड सर्व्हर. तो कसा उभारायचा हे इथे छापखान्याचेच उदाहरण घेऊन पायरीपायरीने सांगतो.

सर्व्हर चालू करणे अर्ध्या तासाचे काम आहे. खरी मेहनत पुढे आहे: फाइल देणाऱ्याला स्वतःच्या खणापलीकडचे काही दिसू नये, त्याने डिस्क भरली तरी यंत्र बंद पडू नये, आणि अर्धी आलेली फाइल पूर्ण समजून कोणी प्लेटला लावू नये. म्हणून या लेखात इन्स्टॉलेशन थोडक्यात आहे आणि या तीन गोष्टी विस्ताराने.

एसएफटीपीच का?

एफटीपी हा नेटवर्कवरून फाइली पाठवण्याचा प्रोटोकॉल फार जुना आहे. अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ साली त्याचा पहिला मसुदा लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्या काळच्या नेटवर्कवर मोजकी यंत्रे होती, त्यामुळे पासवर्ड उघडा जातो याची कुणाला फिकीर नव्हती. आज आहे. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी कूटबद्ध जोडणी करण्याचा प्रोटोकॉल, लिहिले. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती, म्हणजे ओपनएसएसएच, काढली. एसएफटीपी हा त्याच्याच पोटातला फाइल-वाहतुकीचा भाग. नावात एफटीपी असले तरी त्याचा जुन्या एफटीपीशी प्रोटोकॉल म्हणून काही संबंध नाही. सगळे काही एकाच पोर्टवरून, २२ वरून, आणि कूटबद्ध होऊन जाते. एफटीपीसारखी पॅसिव्ह पोर्टांची रांग फायरवॉलमध्ये उघडावी लागत नाही.

ब्राउझरमधून अपलोड घेणारी सॉफ्टवेअरही आहेत. नेक्स्टक्लाउड त्यांत सर्वांत परिचित. पण तिथे वेब सर्व्हर आणि पीएचपी दोन्हींच्या मर्यादा वाढवत बसावे लागते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही आणि पीएचपीची अपलोड-मर्यादा मुळात २ एमबी असते. शिवाय डेटाबेस आला, अपडेट आले. ज्यांना फक्त फाइली घ्यायच्या आहेत त्यांना मी एसएफटीपीच सुचवेन. सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर आधीपासून असते, आणि अपडेट एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेनेच येतात.

खाली डेबियन १२ धरून लिहिले आहे, उबुंटू २४.०४ वर जवळपास सगळे तसेच चालेल. आज्ञा आणि सेटिंगची नावे इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत टाइप करायची. आज्ञा लहान अक्षरांत, आणि एसएसएचच्या सेटिंगची नावे मूळ फाइलमध्ये जशी छापलेली दिसतात तशी. आज्ञा रूट म्हणून, म्हणजे यंत्रावर पूर्ण अधिकार असलेल्या खात्यातून, किंवा आधी सुडो लावून द्यायच्या.

यंत्र आणि जागा

यंत्र साधे चालते. दोन जीबी रॅमचा जुना डेस्कटॉपही दहा-वीस ग्राहकांना पुरतो. यात प्रोसेसरला फारसे काम पडत नाही. डिस्क आणि इंटरनेटची लाइन यांवरच सगळे अवलंबून असते. लाइन घेताना एक गोष्ट आधी विचारा: सार्वजनिक आयपी मिळतो का? अनेक घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांत शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे बसवलेले असतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. तिथे राउटरवर पोर्ट कितीही फॉरवर्ड केले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. एक तर स्टॅटिक आयपीची जोडणी घ्या, नाहीतर मुंबईतल्या डेटासेंटरमधला छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घ्या.

अपलोडसाठी वेगळी डिस्क किंवा निदान वेगळे पार्टिशन हवेच. कारण साधे आहे. एकाच पार्टिशनवर सगळे असेल तर कुणीतरी चुकून टाकलेल्या मोठ्या फोल्डरने मूळ डिस्क भरते, लॉग लिहिले जात नाहीत, सेवा कोलमडतात, आणि मग लॉगिन करून ती जागा मोकळी करणेही जड जाते.

डिस्क /डेव्ह/एसडीबी१ आहे असे धरू. आधी एलएसबीएलके चालवून नाव दोनदा तपासा, कारण पुढची आज्ञा त्यावरचे सगळे पुसते:

एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -ओ कोटा /डेव्ह/एसडीबी१

इथला ओ मोठ्या लिपीतला. -एम ० कशासाठी? ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. एक टीबीच्या डिस्कवर ते पन्नास जीबी होतात. मूळ सिस्टमच्या डिस्कवर ही राखीव जागा मोलाची असते. निव्वळ मालाच्या डिस्कवर ती वाया जाते. कोटाची, म्हणजे प्रत्येक खात्याच्या जागेवर मर्यादा घालण्याची, सोय इथेच घालून ठेवली की पुढे डिस्क उतरवून पुन्हा उद्योग करावा लागत नाही.

मग एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/अपलोड ने माउंट करायची जागा तयार करा, बीएलकेआयडीने डिस्कचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) काढा आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये ही ओळ घाला:

यूयूआयडी=… /एसआरव्ही/अपलोड ईएक्सटी४ डीफॉल्ट्स,नोडेव्ह,नोसुइड,नोएक्झेक,नोफेल,यूएसआरकोटा ० २

नोएक्झेकमुळे ग्राहकाने चढवलेला प्रोग्रॅम त्या डिस्कवरून थेट चालवता येत नाही. नोफेलमुळे डिस्क सापडली नाही तरी यंत्र सुरू होते. वीज गेल्यावर आपोआप चालू होणाऱ्या आणि मॉनिटर नसलेल्या यंत्रात हे फार महत्त्वाचे. पण मग डिस्क नसताना फाइली मूळ डिस्कवर जाऊन पडतील का? आपल्या रचनेत नाही पडणार. ग्राहकांची फोल्डरे त्या डिस्कवरच आहेत. ती नसली तर लॉगिनच अपयशी होते. असे नकार देणारे यंत्र मला गपचूप भलतीकडे फाइली साठवणाऱ्या यंत्रापेक्षा पुष्कळ बरे वाटते.

माउंट -ए देऊन डीएफ -एच ने डिस्क जागेवर दिसते का ते बघा.

खाती आणि परवानग्या

पॅकेजे: एपीटी अपडेट, मग एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर कोटा यूएफडब्ल्यू आरसिसलॉग. शेवटचे मुद्दाम घ्यायचे, कारण डेबियन १२ पासून नोंदी लिहिणारे आरसिसलॉग मुळात बसवलेले नसते आणि ते आपल्याला पुढे लागणार आहे.

दोन गट करा. ग्रुपअ‍ॅड अपलोडर्स, हा फाइल देणाऱ्यांचा. ग्रुपअ‍ॅड प्रेस, हा फाइल घेणाऱ्या ऑपरेटरांचा. आता पहिला ग्राहक, समजा एखादी प्रकाशनसंस्था. खात्याचे नाव प्रकाशन:

यूजरअ‍ॅड -एम -जी अपलोडर्स -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन प्रकाशन

यातला एम मोठ्या लिपीतला, म्हणजे घरचे फोल्डर करू नकोस. शेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची सोय, नोलॉगिन असले तरी एसएफटीपी चालते, कारण आपण वापरणार आहोत ती इंटर्नल-एसएफटीपी एसएसएच सर्व्हरच्या आतच चालते आणि तिला शेल लागत नाही. पासवर्ड देऊच नका.

आता फोल्डर. बहुतेक जण इथेच अडतात. ग्राहकाला आपण सीएचरूटमध्ये बंद करणार, म्हणजे त्याला त्याचे फोल्डर हेच संपूर्ण यंत्र असल्यासारखे दिसेल. ही सोय ओपनएसएसएचमध्ये २००८ मध्ये आली आणि तिची अट कडक आहे: सीएचरूटचे फोल्डर, आणि मुळापासून तिथवरचे प्रत्येक फोल्डर, रूटच्या मालकीचे असले पाहिजे आणि त्यात रूटशिवाय कुणालाही लिहिता येता कामा नये. गटालाही नाही. म्हणजे ग्राहक ज्यात बंद होतो त्या फोल्डरमध्ये तो स्वतः फाइल ठेवू शकत नाही. त्याच्यासाठी आत आणखी एक फोल्डर करावे लागते. त्याला आपण आवक म्हणू:

इन्स्टॉल -डी -ओ रूट -जी रूट -एम ७५५ /एसआरव्ही/अपलोड/प्रकाशन
इन्स्टॉल -डी -ओ प्रकाशन -जी प्रेस -एम २७७० /एसआरव्ही/अपलोड/प्रकाशन/आवक

दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे ग्राहकाने आत ठेवलेली प्रत्येक फाइल आपोआप प्रेस गटाची होते आणि ऑपरेटरला ती वाचता येते. हा २ विसरला तर फाइल येते, दिसते, पण ऑपरेटरला उघडत नाही. मग घाईघाईत कुणीतरी सगळ्याला ७७७ करून ठेवतो आणि सगळी शिस्त तिथेच संपते.

एसएसएचचे सेटिंग

दूरून काम करत असाल तर चालू असलेले टर्मिनल बंद करू नका. सेटिंग चुकले तर तीच एक दोरी हातात उरते. मूळ फाइलची नक्कल ठेवा आणि /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग च्या अगदी शेवटी हे लिहा:

मॅच ग्रुप अपलोडर्स
सीएचरूटडिरेक्टरी /एसआरव्ही/अपलोड/%यू
फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी -डी /आवक -यू ०००७ -एल इन्फो -पी सिमलिंक,हार्डलिंक
ऑथराइझ्डकीजफाइल /ईटीसी/एसएसएच/ऑथराइझ्ड_कीज/%यू
पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो
अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो
अलाउएजंटफॉरवर्डिंग नो
एक्स११फॉरवर्डिंग नो
परमिटटनेल नो
क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६०
क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ५

शेवटीच का? मॅचचा अंमल पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. मध्येच लिहिले तर खालची सर्वसाधारण सेटिंगेही त्याच्या कक्षेत जातात.

फोर्सकमांडच्या ओळीवर जरा थांबू. -डी मुळे ग्राहक थेट आवक फोल्डरमध्ये उतरतो. वरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायला जाऊन परवानगी नाकारल्याचा त्याचा फोन वाचतो. -यू ०००७ हा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलवरून कोणत्या परवानग्या काढायच्या ते; इथे इतरांना काहीही दिसू नये. -एल इन्फो मुळे कोणती फाइल केव्हा उघडली, किती बाइट लिहिले, केव्हा बंद केली याची नोंद होते. -पी इथे मोठ्या लिपीतला. तो सांगितलेल्या कृती नाकारतो. सांकेतिक दुवे करण्याची मुभा ग्राहकाला नकोच, कारण सीएचरूटच्या आतून तो दुवा निरुपयोगी दिसला तरी बाहेरून फाइली हलवणारी तुमची स्क्रिप्ट त्याच दुव्यामागे भलत्या फाइलपर्यंत जाऊ शकते.

टीसीपी फॉरवर्डिंग बंद करणेही तितकेच महत्त्वाचे. ते चालू राहिले तर शेल नसलेला ग्राहकही तुमच्या सर्व्हरमधून आतल्या नेटवर्कवरच्या बिलिंगच्या यंत्रापर्यंत बोगदा काढू शकतो. एसएफटीपीचे मार्गदर्शन करणाऱ्या कित्येक लेखांत नेमकी हीच ओळ नसते.

आता एसएसएचडी -टी. काही छापले नाही तर व्याकरण बरोबर. मग मोठ्या लिपीतल्या टी आणि सीने

एसएसएचडी -टी -सी यूजर=प्रकाशन

ही आज्ञा त्या खात्याला प्रत्यक्षात कोणती सेटिंगे लागू होतील ते दाखवते. हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. उबुंटूच्या क्लाउड प्रतिमांमध्ये एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरात पासवर्ड चालू ठेवणारी वेगळी फाइल असू शकते, आणि सर्वसाधारण सेटिंगांत जे आधी वाचले जाते तेच लागू होते. मॅचमधले सेटिंग त्यावर मात करते, पण तुमचे स्वतःचे व्यवस्थापकाचे खाते मॅचबाहेर आहे. त्याची खात्री वेगळी करा. सगळे ठीक असेल तर सिस्टमसीटीएल रीलोड एसएसएच.

किल्ल्या

पासवर्डऐवजी ओळख पटवायला किल्ल्या वापरायच्या. ग्राहकाने स्वतःच्या यंत्रावर खाजगी आणि सार्वजनिक किल्लीची जोडी करायची आणि फक्त सार्वजनिक किल्ली तुम्हाला पाठवायची. ही किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी चालते, ती गुप्त नसते. विंडोज १० पासून ओपनएसएसएचची क्लायंट साधने विंडोजमध्येच मिळतात. कमांड प्रॉम्प्टवर एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ दिले की काम होते. विनएससीपी हा विंडोजवरचा एसएफटीपी प्रोग्रॅम वापरणारे मात्र बहुधा पुट्टीजेनने किल्ली करतात. तिथे एक खाच आहे. पुट्टीजेनमधून सार्वजनिक किल्ली सेव्ह केली तर बनणारी अनेक ओळींची फाइल ओपनएसएसएचला चालत नाही. त्याच खिडकीत वरच्या चौकटीत एसएसएच-ईडी२५५१९ ने सुरू होणारी एक सलग ओळ असते, ती कॉपी करून मागवा.

ती ओळ /ईटीसी/एसएसएच/ऑथराइझ्ड_कीज/प्रकाशन या फाइलमध्ये ठेवा. मालक रूट, परवानगी ६४४. किल्ल्या ग्राहकाच्या फोल्डरबाहेर ठेवण्याचा फायदा असा की कोणाला प्रवेश आहे हे तुमच्याच हातात राहते. ग्राहकाच्या कार्यालयातला कोणी स्वतःहून दुसरी किल्ली घालू शकत नाही. ग्राहकाचा आयपी कायमचा असेल तर ओळीच्या सुरुवातीला फ्रॉम="तो आयपी" लिहा. मग किल्ली चोरीला गेली तरी दुसऱ्या जागेवरून उपयोग नाही.

ग्राहक पहिल्यांदा जोडतो तेव्हा त्याच्या पडद्यावर सर्व्हरच्या किल्लीचा ठसा येतो आणि तो न वाचताच होय म्हणतो. तसे होऊ देऊ नका. सर्व्हरवर एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब चालवून मिळालेला ठसा आधीच त्याला कळवा आणि फोनवर जुळवून घ्या.

जोडून पाहणे

दुसऱ्या यंत्रावरून एसएफटीपी प्रकाशन@सर्व्हरचा-पत्ता. आत गेल्यावर पीडब्ल्यूडी दिले की /आवक दिसले पाहिजे. पुटने एक फाइल चढवा. मग सीडी / करून तिथे चढवून पाहा, नकार मिळाला पाहिजे. साधे एसएसएच करून पाहा. फक्त एसएफटीपी जोडण्यांना परवानगी आहे असा संदेश येऊन ते बंद झाले पाहिजे.

किल्ली मान्य झाली आणि लगेच ब्रोकन पाइप म्हणून जोडणी तुटली, तर दोष जवळजवळ नेहमी सीएचरूटच्या परवानग्यांत असतो. जर्नलसीटीएल -यू एसएसएच मध्ये बॅड ओनरशिप ऑर मोड्स अशी ओळ सापडेल. मग नेमआय -एल /एसआरव्ही/अपलोड/प्रकाशन चालवा. ही आज्ञा मुळापासून प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक छापते, त्यामुळे चुकलेला लगेच डोळ्यात भरतो. पब्लिक की नाकारली असा संदेश असेल तर किल्लीची ओळ दोन ओळींत तुटली आहे का ते आधी बघा.

फाइल नक्कल करणारी एससीपी ही आज्ञा वापरणाऱ्यांनाही अडचण नाही. एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपीच वापरते. फाइली जुळवून घेणारे आरसिंक मात्र या रचनेत चालणार नाही. त्याला पलीकडे स्वतःचा प्रोग्रॅम चालवावा लागतो आणि तेच आपण बंद केले आहे.

अर्धवट फाइल

चारशे एमबीची फाइल, ग्राहकाच्या लाइनचा अपलोड वेग दहा एमबीपीएस. सगळे सुरळीत असेल तरी पाच मिनिटांहून जास्त लागतात. तालुक्याच्या गावी संध्याकाळी लाइन मंदावली की अर्धा तास. या सगळ्या वेळात आवक फोल्डरमध्ये ती फाइल दिसत असते, नावासकट, आकारासकट. ऑपरेटर ती ओढून घेतो. पीडीएफ कधी उघडतच नाही, आणि कधी वाचणारा प्रोग्रॅम तिची मोडतोड सावरून जेवढी पाने आली तेवढी दाखवतो. दुसरा प्रकार जास्त घातक.

फाइल बंद झाल्याची कर्नलची खूण वापरावी असे सुचेल. आयनोटिफायवेट ही आज्ञा क्लोज_राइट ही घटना सांगते. पण जोडणी तुटली तरी सर्व्हर फाइल बंद करतोच आणि तीच घटना घडते. म्हणजे पूर्ण झाली आणि तुटली यांतला फरक त्या खुणेवरून कळत नाही. आकार पाच मिनिटे बदलला नाही म्हणजे फाइल पूर्ण, हा अंदाजही वीज गेल्यावर फसतो. फाइल पूर्ण आहे हे फक्त पाठवणाराच सांगू शकतो. तेव्हा त्याच्याकडून तसे सांगून घेण्याची पद्धत ठरवावी लागते.

सोपी पद्धत नाव बदलण्याची. फाइल आधी .पार्ट अशा शेपटीने चढवायची आणि पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यायचे. एकाच डिस्कवर नाव बदलणे ही एका क्षणात होणारी, अर्धवट न राहणारी कृती आहे. विनएससीपी मोठ्या फाइलींसाठी हे मुळातच करते, त्याची शेपटी.फाइलपार्ट असते. तेव्हा ज्यांना तांत्रिक गोष्टींत गम्य नाही अशा ग्राहकांना विनएससीपीच द्या आणि ऑपरेटरांना त्या शेपटीच्या फाइलींना हात लावू नका असे सांगा. फाइलझिला हा तसाच दुसरा प्रोग्रॅम थेट खऱ्या नावाने लिहितो, हे ध्यानात ठेवा.

जास्त भरवशाची पद्धत ठशाची. ग्राहक अंक.पीडीएफ चढवतो आणि ती संपल्यावर अंक.पीडीएफ.शा२५६ नावाची छोटी फाइल, जिच्यात मूळ फाइलचा शा२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या, आहे. छोटी फाइल आली म्हणजे मोठी संपली, आणि ठसा जुळला म्हणजे वाटेत एक बाइटही बदललेला नाही. लिनक्स आणि मॅकवर ठसा काढणे सोपे. विंडोजवर सर्टयूटिल -हॅशफाइल अंक.पीडीएफ शा२५६ ही आज्ञा तो देते.

सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवा. ती रूट म्हणून चालवू नका. छपाई नावाचे वेगळे खाते करा, ते प्रेस गटात घाला, आणि त्याच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरावीक वेळी चालवायच्या कामांच्या यादीत) स्क्रिप्ट लावा. तिचा क्रम असा: प्रत्येक आवक फोल्डरमध्ये फाइंड -टाइप एफ ने .शा२५६ शेपटीच्या फाइली शोधायच्या. जोडीची मूळ फाइल आहे का बघायचे. ती /एसआरव्ही/तयार या फोल्डरमध्ये.पार्ट शेपटीने नक्कल करायची; नकलेचा ठसा काढून जुळवायचा; जुळला तर नकलेला खरे नाव द्यायचे आणि आवकमधली जोडी पुसायची; न जुळला तर नक्कल पुसून फाइलच्या नावासह नोंद करायची. ठसा नकलेचाच तपासायचा, मूळ फाइलचा नाही, कारण तपासणी आणि नक्कल यांच्या मधल्या क्षणी ग्राहक तीच फाइल पुन्हा चढवू शकतो. दर मिनिटाच्या दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून स्क्रिप्ट एफलॉक -एन मागून चालवा.

नक्कल कशाला, नुसते हलवले तर? हलवल्यावर फाइलचा मालक तोच राहतो. त्याच डिस्कवर हलवली तर ती ग्राहकाच्या कोट्यातच मोजली जाते आणि त्याची जागा कधी मोकळी होत नाही. नक्कल केल्यावर मालक छपाई हे खाते होते. चारशे एमबीच्या नकलेला काही सेकंद जातात, तेवढे जाऊ द्यावेत.

स्क्रिप्टमध्ये फाइलचे नाव येईल तिथे अवतरणचिन्हे घाला. आपल्याकडे फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा, कंस, आणि देवनागरी सर्रास असते. देवनागरी नावे एसएफटीपीत नीट जातात, पण ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. "दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम सुधारित" अशी लांबत जाणारी नावे त्या मर्यादेला खरोखर लागतात, आणि आपण त्यापुढे .शा२५६ व .पार्टही जोडत असतो.

जे ग्राहक ठसा पाठवणारच नाहीत त्यांच्या पीडीएफसाठी क्यूपीडीएफ --चेक आहे. अर्धवट पीडीएफच्या शेवटी असायला हवी ती ईओएफची, म्हणजे फाइल संपल्याची, खूण नसते आणि हा प्रोग्रॅम ते सांगतो. पण कोरेल किंवा फोटोशॉपच्या फाइलींना हा उपाय नाही.

तुटलेले अपलोड पुढे चालू करण्यासाठी एसएफटीपीत रीपुट आहे. त्याबाबत ग्राहकाला एकच ताकीद द्या: ही सोय आधीच्या तुकड्याचा फक्त आकार पाहते, मजकूर नाही. मध्ये फाइल दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केली असेल तर पुढे चालू न करता पहिल्यापासून चढवायची. नाहीतर अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल तयार होते. ठसा तपासत असाल तर ती तिथेच पकडली जाते.

कोटा, नोंदी, फायरवॉल

डिस्क करतानाच कोटाची सोय घातल्यामुळे आता एक आज्ञा पुरते:

सेटकोटा -यू प्रकाशन २०जी २५जी ० ० /एसआरव्ही/अपलोड

इथले जी मोठ्या लिपीतले. वीस जीबीनंतर मुदत सुरू होते, जी मुळात सात दिवसांची असते. पंचविसाला लिहिणे थांबते. रेपकोटा -ए ने सगळ्यांचा हिशेब दिसतो. अर्धवट राहिलेल्या .पार्ट फाइली साचतात, म्हणून आठवड्यातून एकदा सात दिवसांहून जुन्या अशा फाइली फाइंडने पुसा. ग्राहकाच्या मूळ फाइली मात्र त्याच्याशी मुदत ठरवल्याशिवाय पुसू नका.

नोंदींची एक गोम आहे. -एल इन्फो दिले तरी सीएचरूटच्या आतून /डेव्ह/लॉग हा नोंदी पाठवण्याचा सॉकेट दिसत नाही, त्यामुळे फाइलींच्या नोंदी हवेत विरतात. आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये आयएमयूएक्ससॉक प्रकारचा इनपुट घालून त्याचा सॉकेट /एसआरव्ही/अपलोड/प्रकाशन/डेव्ह/लॉग इथे ठेवा आणि क्रिएटपाथ ऑन करा. प्रत्येक ग्राहकासाठी अशी एक ओळ. उबुंटूवर आरसिसलॉगला अ‍ॅपआर्मरची, म्हणजे प्रोग्रॅमला कुठे जाता येईल हे ठरवणारी, चौकट असते, तिथे या वाटेची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. हा खटाटोप नक्की करा. "फाइल कालच पाठवली होती" आणि "आलीच नाही" या वादात तारीख, वेळ आणि बाइटांचा आकडा असलेली ओळ दोन्ही बाजूंना उपयोगी पडते.

फायरवॉलला यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच आणि त्यानंतरच यूएफडब्ल्यू एनेबल. क्रम उलटा झाला तर दूरून बसलेले तुम्हीच बाहेर राहाल. वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणाऱ्या फेलटूबॅनची शिफारस सगळीकडे दिसते. पासवर्ड पूर्ण बंद असतील तर त्याचा उपयोग मुख्यतः नोंदींमधला गोंगाट कमी करण्यापुरता आहे. बसवायचेच तर डेबियन १२ वर त्याचे बॅकएंड सिस्टमडी असे लिहा, नाहीतर जुनी लॉग फाइल सापडत नाही म्हणून ते सुरूच होत नाही. पोर्ट २२ बदलण्यानेही सुरक्षितता वाढत नाही, आणि ग्राहकाच्या कार्यालयाची फायरवॉल अनोळखी पोर्ट अडवते, तो ताप वेगळा.

बॅकअपमध्ये /ईटीसी/एसएसएच हे संपूर्ण फोल्डर असू द्या. त्यात सेटिंग आहे, ग्राहकांच्या किल्ल्या आहेत आणि सर्व्हरची स्वतःची किल्लीही. यंत्र बदलल्यावर ती जुनी किल्ली परत ठेवली नाही तर प्रत्येक ग्राहकाला सर्व्हरची ओळख बदलल्याचा मोठा इशारा दिसेल, आणि त्यांना तो दुर्लक्षायची सवय लागेल.

एखाद्या ग्राहकाशी काम संपले किंवा त्याच्याकडचा माणूस किल्लीसकट नोकरी सोडून गेला, तर /ईटीसी/एसएसएच/ऑथराइझ्ड_कीज मधली त्याची फाइल लगेच हलवा आणि सीएचएज -ई ० प्रकाशन देऊन खाते मुदतबाह्य करा. इथला ई मोठ्या लिपीतला. तेवढ्याने आधीपासून उघडी असलेली जोडणी तुटत नाही. तिच्यासाठी पीकिल -यू प्रकाशन द्यावे लागते, आणि मग पीएस -यू प्रकाशन चालवून त्या नावाची एकही प्रक्रिया उरली नाही हे पाहून घ्यावे लागते.